घरपट्टी जास्त आली असे वाटते तेव्हा : नोंद तपासणे, हरकत घेणे आणि भरायची कोणी

एप्रिल महिना सुरू झाला की आपल्या भागात घरपट्टीचा विषय निघतो. शेजाऱ्याचे घर आपल्याएवढेच, मग त्याला कमी आणि आपल्याला जास्त का? वडील जाऊन दहा वर्षे झाली, चलन अजून त्यांच्याच नावाने येते, ते भरावे की नाही? भाडेकरू म्हणतो मालकाने भरावी, मालक पुण्याला, तो म्हणतो राहणाऱ्याने भरावी. असे प्रश्न घेऊन अनेक सभासद आमच्याकडे येतात. कागद कन्नडमध्ये असल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. म्हणून या लेखात हा विषय शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडत आहोत.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. घरपट्टीचा आकडा नोंदीतून निघतो. म्हणून "रक्कम जास्त आहे" एवढेच म्हणून काही होत नाही. नोंदीतली कोणती गोष्ट चुकली आहे ते दाखवावे लागते. आणि ती नोंद तपासण्याचे काम मालकाखेरीज दुसरे कोणी करत नाही.

आपले घर कोणाच्या हद्दीत?

सर्वात आधी हे पाहावे, कारण कायदा आणि दाद मागण्याचा मार्ग त्यावर ठरतो.

• बेळगाव शहर, म्हणजे शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी वगैरे भाग महानगरपालिकेत येतो. येथे कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ लागू आहे.
• निपाणी शहराला कर्नाटक नगरपालिका अधिनियम, १९६४ लागू आहे.
• येळ्ळूर, उचगाव यांसारख्या गावांत ग्रामपंचायत कर घेते. तेथे १९९३ चा ग्रामस्वराज व पंचायतराज अधिनियम आहे. गावाकडे याला आपण घरफाळा म्हणतो.
• कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. तेथे केंद्र सरकारचा २००६ चा कायदा चालतो, महानगरपालिकेचा नाही.

कॅम्पमधील घरांचा कर मालमत्तेच्या वार्षिक मूल्यावर ठरतो, आकारणीच्या यादीवर हरकत घेता येते आणि पुढचे अपील जिल्हा न्यायालयात जाते. त्यामुळे कॅम्पमधील सभासदांनी शहरातल्या नातेवाइकांच्या चलनाशी आपल्या चलनाची तुलना करू नये. पुण्याशी तुलनाही अशीच फसवी आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असल्यास ४० टक्के सवलत आहे आणि मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून करमाफी आहे. ते महाराष्ट्रातले निर्णय आहेत, येथे त्यांचा आधार घेता येत नाही.

आकडा कसा तयार होतो?

कर्नाटकातील शहरांत स्वयंघोषणा पद्धत आहे. आपल्या मालमत्तेची माहिती आपणच अर्जात भरायची आणि त्यावरून येणारा कर भरायचा. पुढे बहुतेकजण दरवर्षी आधीच्या चलनावरूनच पैसे भरतात. मूळ अर्ज कोणी भरला, त्यात काय लिहिले, हे विसरले जाते. एकदा झालेली चूक अशी वर्षानुवर्षे पुढे चालते.

आकारणीत साधारणपणे या गोष्टी धरल्या जातात : जागेचे क्षेत्रफळ, त्या भागाचा मुद्रांक खात्याने ठरवलेला मार्गदर्शक दर, बांधकामाचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार (स्लॅब, कौलारू, पत्रा), बांधकामाचे वय आणि वापर घरगुती की व्यापारी. जुन्या बांधकामाला घसारा मिळतो. यातून येणाऱ्या मूल्यावर पालिकेने ठरवलेला दर लागतो. अलीकडच्या दुरुस्तीनंतर दरवर्षी ३ ते ५ टक्के वाढ ठरवली जाते. म्हणून आकडा गेल्या वर्षीपेक्षा थोडा वाढला असेल तर ती चूक असेलच असे नाही. एकदम दीडपट, दुप्पट झाला असेल तर मात्र नोंद काढून पाहावी.

मूळ कराशिवाय उपकर असतात : आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय उपकर ६ टक्के आणि भिक्षुक उपकर ३ टक्के. म्हणजे मूळ कर ४,००० रुपये असेल तर त्यावर ९६० रुपये हेच होतात. कचरा उचलण्याचे शुल्क वगैरे त्याशिवाय. दोन चलनांची तुलना करताना मूळ कराची मूळ कराशी करावी, एकूण रकमेची नको. (जाता जाता : सहा टक्के ग्रंथालय उपकर आपण सगळेच भरतो. सरकारी वाचनालयात मराठी पुस्तके मागणे हा त्यामुळे आपला हक्कच आहे.)

चुका कुठे सापडतात?

नेहमी आढळणाऱ्या पाच जागा अशा :

१. क्षेत्रफळ. चौरस फूट आणि चौरस मीटर यांची गल्लत सर्वात महाग पडते. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. ३० बाय ४० चा प्लॉट १,२०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १११.५ चौरस मीटर. एक गुंठा १,०८९ चौरस फूट. खरेदीपत्र, सिटी सर्व्हेचा उतारा आणि पालिकेची नोंद शेजारी ठेवून तिन्ही आकडे जुळतात का ते पाहा.

२. वापर. पूर्वी पुढच्या खोलीत दुकान होते, ते बंद होऊन वर्षे झाली, पण नोंदीत व्यापारी वापर तसाच. निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारींचे हेच होते. वखार मोडून राहती घरे झाली, वाटण्या झाल्या, आणि नोंदीत मात्र वखार राहिली. व्यापारी दर घरगुती दरापेक्षा जास्त असतो, त्यामुळे फरक मोठा पडतो.

३. बांधकामाचे वय आणि प्रकार. माडी नंतर बांधली म्हणून सगळेच घर नवे धरले गेले का? कौलारू भाग स्लॅब म्हणून लागला का?

४. न मिळालेली सवलत. माजी सैनिक किंवा दिवंगत सैनिकाचे कुटुंब स्वतःच्या घरात राहत असेल तर करात ५० टक्के सवलतीची तरतूद आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या गावात असे पात्र घर गल्लोगल्ली सापडेल. पण ही सवलत आपोआप लागत नाही, कागदपत्रांसह अर्ज करावा लागतो.

५. जुनी थकबाकी. भरलेल्या वर्षाची रक्कम पुन्हा बाकी म्हणून दिसते. यावर एकच उपाय, पावती. पावत्या गेली निदान दहा वर्षे तरी जपून ठेवाव्यात.

कन्नड कागद वाचताना

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीचे घरातले बरेच कागद मराठी किंवा इंग्रजी आहेत, त्यानंतरचे हळूहळू कन्नड होत गेले. आपल्या अनेक ज्येष्ठ सभासदांना कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही. चलन किंवा उतारा कोणाकडून तरी वाचून घेताना पुढील शब्द ओळखीचे असले की काम सोपे होते :

• आस्ती तेरिगे : मालमत्ता कर, घरपट्टी
• मालीकरु : मालक
• विस्तीर्ण : क्षेत्रफळ
• चदर अडी, चदर मीटर : चौरस फूट, चौरस मीटर
• कट्टड : इमारत
• खाली निवेशन : मोकळा प्लॉट
• वास : राहण्याचा वापर
• वाणिज्य : व्यापारी वापर
• बाकी, दंड : आपल्यासारखेच
• खाता वर्गावणे : नोंदीवरील नाव बदलणे
• वंशवृक्ष : वंशावळ
• आक्षेपणे : हरकत
• मेल्मनवी : अपील

यातील "वास" आणि "वाणिज्य" हे दोन शब्द आधी शोधा. घरात दुकान नसताना "वाणिज्य" दिसले तर तुमची तक्रार तिथेच सापडली.

अर्ज मराठीत देता येतो का, हा नेहमीचा प्रश्न. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाणे मांडणारे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. शिवाय राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे संरक्षण जाहीर केले, त्यात १५ ते २० टक्के अल्पसंख्याक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे म्हटले आहे. तेव्हा मराठी अर्ज देण्यात गैर काही नाही. मात्र काम लवकर व्हावे असे वाटत असेल तर त्याला कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडावी असे आमचे सांगणे आहे. हक्काचा मुद्दा वेगळा आणि टेबलावरचा कारकून अर्ज वाचून लगेच पुढे पाठवतो की नाही हा मुद्दा वेगळा. दोन्ही सांभाळता येतात.

हरकत घेण्याची रीत

पहिली पायरी, पालिकेतून मालमत्तेचा उतारा घ्या. त्यावर मालमत्ता क्रमांक, नाव, क्षेत्रफळ, वापर सगळे असते. चूक ओळीसकट हेरा.

दुसरी पायरी, अर्ज. अर्ज एका पानाचा असावा. मालमत्ता क्रमांक, नोंदीत काय आहे, प्रत्यक्षात काय आहे, पुरावा कोणता जोडला, आणि मागणी काय. "अन्याय झाला आहे" असे लिहिण्यापेक्षा "नोंदीत १,५०० चौरस फूट आहे, खरेदीपत्रात १,२०० आहे, मोजणी करून दुरुस्त करावे" असे लिहिलेले जास्त उपयोगी पडते. जोडपत्रे : खरेदीपत्राची प्रत, सिटी सर्व्हे उतारा, असल्यास बांधकाम परवाना, मागील पावत्या, घराचे फोटो. वापर बदलला असेल तर दुकानाचा व्यापार परवाना बंद केल्याचा कागद किंवा घरगुती वीजबिल.

तिसरी पायरी, पोच. शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कर्नाटकात सकाल कायदा २०११ पासून आहे. खात्यावर नाव बदलण्यासारखी कामे त्यात ठरावीक दिवसांत करून द्यावी लागतात. अर्ज घेताना सकालचा क्रमांक मागून घ्यावा. मुदतीत काम झाले नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. रक्कम किरकोळ आहे, पण क्रमांकामुळे अर्ज "सापडत नाही" असे होत नाही.

चौथी पायरी, मोजणी. कर्मचारी पाहणीला येतील तेव्हा घरातले कोणीतरी जबाबदार माणूस हजर असावे. मोजमापे आपणही लिहून ठेवावीत.

पाचवी पायरी, उत्तर आले नाही किंवा नुसते "फेटाळले" असे आले तर कारणांसह लेखी आदेश मागा. अपील आदेशावर होते, तोंडी उत्तरावर नाही. आदेश हातात आल्यावर अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, हे त्याच दिवशी विचारून घ्या. मुदत गेली तर बरोबर असलेली तक्रारही ऐकली जात नाही.

फाइल कुठे अडली हे कळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. कर्नाटकच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. दुसरे म्हणजे, माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. म्हणून हा अर्ज मराठीत न देता हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा. केवळ भाषेच्या कारणावरून महिना वाया जाऊ देऊ नये.

तक्रार चालू असताना भरणे थांबवू नका

ही चूक फार होते. "आधी दुरुस्त करा, मग भरतो" असे म्हणून लोक थांबतात आणि दंड चढतो. एप्रिलमध्ये भरल्यास ५ टक्के सूट मिळते, मे-जूनमध्ये सूट नाही आणि दंडही नाही, जुलैपासून महिन्याला २ टक्के दंड. सूटीची मुदत कधी कधी सरकार वाढवते, पण त्यावर विसंबू नये. मूळ कर ४,००० रुपये धरला तर एप्रिलमध्ये २०० रुपये वाचतात, आणि जुलै ते मार्च थांबल्यास ७२० रुपये जास्त जातात. वर्षाला २४ टक्क्यांचा हा दर कोणत्याही बँकेच्या ठेवीपेक्षा जास्त आहे. म्हणून कर भरावा आणि "हरकत राखून भरत आहे" असे स्वतंत्र पत्र देऊन त्याची पोच घ्यावी. दुरुस्ती झाल्यावर जास्त गेलेली रक्कम पुढच्या वर्षी वळती करून मागता येते.

भरायची कोणी?

इंग्लंडमध्ये असलेली आपली मुले सांगतात की तिकडे कौन्सिल टॅक्स बहुधा घरात राहणारा भरतो, म्हणजे भाडेकरूसुद्धा. तेथे घरे १ एप्रिल १९९१ च्या किमतीनुसार ए ते एच अशा आठ गटांत विभागली आहेत आणि दाद मागायची म्हणजे गट बदलून मागायचा. आपल्याकडे तसे गट नाहीत आणि पहिली जबाबदारी मालकाची आहे.

भाडेकरूशी करारात काही ठरले असेल तर ते दोघांमधले. पालिका मालकालाच विचारते. मालकाकडून वसूल झाले नाही तर मात्र घरात राहणाऱ्याकडे मागणी येऊ शकते. अशा वेळी भाडेकरूने भरलेली रक्कम भाड्यातून वळती करता येते, म्हणून पावती त्याने स्वतःकडे ठेवावी. भाडेकरार करताना "घरपट्टी कोण भरणार" ही एक ओळ घालून टाकली की पुढचा वाद मिटतो.

दुसरी गोष्ट, कराचा बोजा मालमत्तेवर असतो. जुन्या मालकाची थकबाकी नव्या मालकाच्या डोक्यावर येते. घर किंवा प्लॉट घेताना बाकी नसल्याचा दाखला घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. विकणाऱ्यानेही पालिकेला लेखी कळवावे, नाहीतर मागणी त्याच्याच नावाने येत राहते. प्लॉट मोकळा असला तरी कर असतोच.

वडिलांचे नाव, भावंडांचे घर

सर्वात नाजूक प्रकरणे ही असतात. नोंदीवर आजोबा किंवा वडील, राहतो एक भाऊ, दुसरा पुण्यात, बहीण कोल्हापुरात. राहणारा भाऊ इमानाने घरपट्टी भरतो आणि वीस वर्षांनी त्याला वाटू लागते की घर आपले झाले. बाकीच्यांना वाटते की त्याने नाव लावून घेतले तर आपला हक्क गेला. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

घरपट्टीची पावती किंवा खात्यावरचे नाव हा मालकीचा पुरावा नाही. तो कर कोणाकडून घ्यायचा याचा हिशोब आहे. मालकी ठरते नोंदणीकृत दस्तावरून आणि वारसाहक्कावरून. पण भरलेल्या पावत्या वाया जात नाहीत. वाटणीच्या वेळी "सगळ्यांच्या वतीने मी एवढे भरले" असा हिशोब मांडायला त्या लागतात.

नाव बदलताना मृत्यूचा दाखला आणि वंशवृक्ष लागतो. वंशवृक्षात बहिणींची नावे गाळू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तिने स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. नाव गुपचूप वगळून मिळवलेली नोंद पुढे आक्षेप येताच अडकते, आणि घरपट्टीपेक्षा कितीतरी मोठे नुकसान होते ते नात्याचे. आमच्या अनुभवात, आई-वडील हयात असताना सगळ्यांनी एकत्र बसून कागद पाहिलेल्या घरांत हा वाद क्वचितच होतो.

आता हे टाळणेही कठीण झाले आहे. ऑक्टोबर २०२४ पासून शहरांत खरेदी-विक्रीच्या नोंदणीसाठी ई-खाते सक्तीचे आहे. गावांत ई-स्वत्तूचे नमुना ९ आणि ११ लागतात. आजोबांच्या नावावरच्या घरावर ऐन गरजेच्या वेळी, मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला, व्यवहार होत नाही.

बॉण्डवरचे प्लॉट आणि बी-खाते

शेतजमिनीचे तुकडे पाडून बॉण्डवर घेतलेल्या प्लॉटवर बांधलेली घरे आपल्या उपनगरांत भरपूर आहेत. अशा मालमत्तांना बी-खाते देण्याची मोहीम सरकारने २०२५ मध्ये सुरू केली. त्यात पहिल्या वेळी दुप्पट कर घेतला जातो. पहिल्या चलनाचा आकडा पाहून घाबरू नये, पण बी-खाते मिळाले म्हणजे बांधकाम अधिकृत झाले असेही समजू नये. कराच्या यादीत नाव आले एवढाच त्याचा अर्थ. घर घेणाऱ्याला हे स्पष्ट सांगावे.

या महिन्यात एवढे करा

उतारा काढा. नाव, क्षेत्रफळ आणि वापर या तीन गोष्टी तपासा. एप्रिलमध्ये कर भरा. चूक असेल तर एका पानाचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पावत्या, उतारा, खरेदीपत्र आणि मृत्यूदाखले यांची एक फाइल करून ती कुठे आहे हे घरातल्या दोन माणसांना तरी सांगून ठेवा. उतारा वाचता येत नसेल तर कार्यालयात घेऊन या, कन्नड वाचणारे आपले कार्यकर्ते तो वाचून देतील. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलालाही सोबत आणा. त्याने शाळेत कन्नड शिकलेले आहे, त्याला पाहताच कळेल, आणि पुढच्या वर्षी तोच वाचून दाखवील.